ओलं पोतं आणि मंगळाची धूळ

आमच्या वरवट बकालला उन्हाळ्यात कुरडया कोणी एकटीनं घालत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी पाळी असते. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यानं गच्चीवर कुरडया पाडायच्या आणि दुपारी त्या उलथवायला पुन्हा वर जायचं. अनवाणी बरं का! वाळवणाजवळ चप्पल चालत नाही. आता दुपारची गच्ची म्हणजे तापला तवाच. म्हणून एक पोतं भिजवून टाकायचं, त्यावर उभं राहून हात पुरेल तेवढं उलथवायचं, की पोतं पुढे सरकवायचं.

त्या वर्षी आमच्या पाळीला लेक घरी होती. ती शहरात मंगळ ग्रहाच्या हवेचा अभ्यास करते. तिथं उडणारी धूळ हवा कशी तापवते, ते शोधते. शाळा माझी चौथीतच सुटली, पण लेक वरच्या वर्गात गेली की तिची मागची पुस्तकं मी वाचायची. अशी तिच्या मागं मागं दहावीपर्यंत पोचले. पुढचं ती फोनवर सांगते. पण आपल्याला समजणं वेगळं आणि गल्लीला सांगता येणं वेगळं. कोणी विचारलं की मी आपली "मोठ्या कॉलेजात आहे" म्हणून मोकळी व्हायची. धूळ म्हटलं की लोक हसायचे ना! सगळ्यात जास्त माझी मोठी जाऊ.

आदल्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं होतं. वारा पडला, पण धूळ काही खाली बसली नाही. सकाळी सूर्य पिठात लोळवल्यासारखा दिसत होता.

सोऱ्या फिरवता फिरवता जाऊ लेकीला म्हणाली, "इतकी शिकली अन् धुळीत गेली माय! धूळच पाहाची होती तं माह्या अंगणातली पाहाची. झाडून झाडून कंबर गेली माही."

सगळ्या हसल्या. लेकही हसली. मला मात्र हसू आलं नाही. ती उद्या परत जाणार होती, आणि एकदा तरी या बायांसमोर तिचं काम काम वाटावं, एवढंच मला हवं होतं.

दुपारी वर गेलो. तोंडावर गरम वाफारा आला. मी पोतं टाकलं. जाऊ उलथवायच्या नादात पुढे सरकली आणि तिचा पाय पोत्यावरून खाली उतरला. आम्ही सगळ्या "अवं अवं" करून ओरडलो. ती मात्र उभीच. मग तिनं दुसराही पाय खाली ठेवला.

"हे काय वं? हवा तं भट्टीवानी, अन् गच्ची पोळत नाई?"

मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, तू सांग."

हातातली अर्धओली कुरडई तशीच धरून मी सांगितलं, "ऊन आज खाली पुरतं पोचलंच नाही, जाऊबाई. धुळीनं ते वरच्या वर गिळलं. धूळ तापली, तिच्या संगतीनं हवा तापली, गच्ची बिचारी तशीच राहिली. मंगळावर हेच होते, पण लय मोठं. तिथली हवा इतकी पातळ, की तिच्यानं ऊन धरवत नाही. धूळ धरते. ती दिवसा जमीन तापू देत नाही अन् रात्री निवू देत नाही."

"बरोबर," लेक म्हणाली. "फक्त इथं गरम वाराही बाहेरून आला आई, सगळं धुळीवर नको टाकू."

चूक काढली तरी माझी छाती फुगली. बरोबरीच्या माणसाचीच चूक अशी काढतात.

जाऊ अजून अनवाणीच उभी होती. "मंग तिथली धूळ बसते कवा?"

"कधी लवकर बसते, कधी सगळा ग्रह झाकते. असं काऊन होते, तेच तं शोधून राह्यलो, मोठी माय."

"अजून समजलं नाई?"

"पुरतं नाई."

"मंग उद्याची गाडी चुकवू नको बाई. कुरडया आम्ही पाहून घेऊ."

कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागला, एवढंच.

परवा एका लग्नात पाहुणीनं मला विचारलं, "तुमची मुलगी काय करते?" मी तोंड उघडलं, तोच बाजूनं जाऊ बोलली, "मंगळावरची धूळ हवा कशी तापवते, ते पाहते आमची पोरगी. तुम्हाले नाई समजायचं. तुम्ही चपला घालून गच्चीवर जाता."