पाळण्यामागची पाटी

हे मी आजवर कुणापुढे बोललेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, भावापुढे नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांनाही नाही — आणि त्यातली एक, माझी आई, गेल्या वर्षी गेली. दुसरी माझी भावजय दीपा. ती सीवूड्सला राहते. मी कळंबोलीहून अधूनमधून तिच्याकडे जाते, चहा पिते, परत येते.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला धक्का बसणार नाही. मी संशयी बाई आहे. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली तर मला वाटतं, आतले टोमॅटो सडके असणार. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे देव उभा राहिला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. तो हसण्यावारी नेतो. मीही बरीच वर्षं हसण्यावारीच नेलं.

माझं माहेरचं आडनाव शेवाळे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या आजोबांचा ठाम समज होता की नाव आणि आडनाव एकाच अक्षरावर असलं की माणूस घराला धरून राहतो. म्हणून वडील शंकर, मी शैला, धाकटा भाऊ शेखर. सुना आल्या की त्यांनाही 'श'चं नाव मिळायचं, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. आई शालन झाली ती तशीच. मला या सगळ्याचा फार अभिमान. लग्न होऊन मी शैला जगदाळे झाले, तर — खरं सांगू? — सही करताना आजही हात थोडा अडतो.

शेखरच्या लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा दीपा म्हणाली, "माझं नाव राहू दे ना." हसून म्हणाली, पण म्हणाली. आडनावही तिनं आपलंच ठेवलं. दारावर पाटी लागली: शेखर शेवाळे, दीपा कणसे. ती वाचली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढं सगळं वेगळं ठेवणारी बाई — ही टिकणार आहे का इथे?

पुढे तिला दिवस गेले. वडील गेल्यापासून आई त्यांच्याकडेच राहायची. मी गेले की या दोघी स्वयंपाकघरात, आवाज खाली. मी आत पाऊल टाकलं की बोलणं बंद. एकदा तर आईचे डोळे ओले होते. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा नव्हता. मी काय समजले असेन, सांगायला हवं का? सून सासूला छळते, नाहीतर फूस लावते. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मुलगी झाली. थोड्या दिवसांनी दीपाचा फोन आला. "ताई, नाव कावेरी ठरलंय. तुम्ही आत्या, कानात तुम्हीच सांगणार, म्हणून सांगतेय. पण बारशापर्यंत कुणाला बोलू नका हां. आईंकडे पण विषय काढू नका, प्लीज."

मी फोन ठेवला आणि दोन्ही आडनावं लावून बघितली. कावेरी शेवाळे — काही जमेना. कावेरी कणसे — लगेच जमलं. आणि मला वाटलं, सापडली. उद्या ही पोरीला घेऊन निघणार. नाव आत्तापासून माहेरच्या आडनावाला जुळवून ठेवतेय, आणि म्हणून आईला कळू द्यायचं नाही. पुरावा काय होता माझ्याकडे? एक अक्षर. पण मला तेवढं पुरलं.

बारशाची सजावट माझ्याकडे होती. हल्ली पाळण्यामागे नावाची पाटी करतात, तिच्यावर कापड टाकतात, आत्यानं कानात नाव सांगितलं की कापड ओढायचं. सानपाड्याच्या एका दुकानात मी त्या पाटीची अक्षरं करायला टाकली. सांगितलं, 'शर्वरी'. चार दिवसांनी न्यायची होती. त्या चार दिवसांत एक फोन केला असता तर अक्षरं बदलून मिळाली असती. म्हणजे तोंडून निसटलं, घाईत झालं, असं काही मी म्हणू शकत नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं. आई पहिल्या रांगेत, नवं पातळ नेसून. सारखा पदर सावरत होती. मला वाटलं, उकडतंय तिला. मी पाळण्यात वाकले, कुर्र केलं, बाळाच्या कानात शर्वरी म्हणाले आणि कापड ओढलं. टाळ्या पडल्या. शर्वरी शेवाळे — गावाकडची मंडळी खूश, घराण्याची रीत राखली म्हणाली. दीपानं पाटीकडे पाहिलं आणि मग आईकडे. आई दीपाकडेच बघत होती. ती नजरानजर मी टिपली. मला ती डाव फसलेल्या माणसांची वाटली.

मग दोन उत्तरं. दोनच. पण ती मी दोन दिशांना दिली.

घुगऱ्या वाढताना दीपानं हळूच विचारलं, "ताई, नाव बदललं का?" मी म्हणाले, "आईची इच्छा. तिला ते नाव नको होतं. तू तिला विचारू नकोस, तिला वाईट वाटेल." आणि संध्याकाळी आईनं विचारलं, "दुसरंच ठरलं व्हय गं?" तर म्हणाले, "दीपानं आयत्या वेळी बदललं." दोघी मानी. दोघींनी एकमेकींना एका शब्दानं विचारलं नाही. शेखरनं नावाचं सगळं दीपावर सोडलेलं; तो तर म्हणाला, मस्त जमतंय आडनावाला, आणि त्यानं तेच नोंदवलं.

त्यानंतर त्या घरात भांडण असं झालं नाही. बोलणं कमी झालं. वर्षभरात आई माझ्याकडे राहायला आली, थोड्या दिवसांसाठी म्हणून, ती कायमची. मी मनातून सुखावले, हे लपवत नाही. दीपा दर महिन्याला पोरीला घेऊन यायची, आईच्या आवडीचं काही करून आणायची, सोफ्याच्या कडेला बसायची. आई नातीला चिमे म्हणायची. शर्वरी म्हणून तिनं एकदाही हाक मारली नाही. याचंही मला नवल वाटलं नाही. मला म्हणे सगळ्याचा संशय येतो!

अशी चार वर्षं गेली. मग एका दुपारी आईची माहेरच्या गावची मैत्रीण आली. तिच्या मुलानं सानपाड्याला घर घेतलं होतं, ती पत्ता विचारत विचारत पोचली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "कावेरे, वळखलीस का गं मला?"

आणि माझी सत्तरीची आई, जिला उठताना हात द्यावा लागायचा, ती आपली आपण उठली. "अगं बया, शेवंते, तू!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. माझ्या आईचं नाव कावेरी. लग्नाआधीचं. मला माहीत नव्हतं. थोरली म्हणून माहेरचे सगळे तिला आक्का म्हणायचे, सासरी ती शालन. मूळ नाव काय होतं, हे पोटच्या पोरीनं कधी विचारलंच नव्हतं. परक्या घरातून आलेल्या सुनेनं विचारलं होतं.

आई शेवंतामावशीला सांगत होती, मी ऐकत होते. "सून म्हनली व्हती, आई, नातीला तुमचं नाव ठेवते, घरात पुन्हा हाक मारू. मीच म्हनलं, कुनाला सांगू नगं. म्हातारीला हौस आलीया म्हनतील. मग काय झालं कुनास ठावं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? त्यानंतर आई अडीच वर्षं होती. दीपा दर महिन्याला समोर येऊन बसत होती. मी बोलले नाही. आई गेल्यावर तेराव्याला दीपानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ते नाव का नको होतं, आई कधी बोलल्या का? माझंच काही चुकलं असेल." मी म्हणाले, "नाही गं, काही नाही बोलली." ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बोलायची वेळ टाळली, यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. ती आत्तापर्यंत टाळत आले, तुमच्यापुढेही.

शेवंतामावशी घरी परतली त्याच दुपारी आई आणि मी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मला सगळं कळून तासही झाला नव्हता. आई शेंगांकडेच बघत म्हणाली, "दीपाला गावंढळ वाटलं असंल का गं ते नाव? शिकलेली पोर ती."

एक वाक्य पुरलं असतं. मी शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाले, "असेल."

आईनं मान हलवली. "जुनंच हाय ते," म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.