चौदावा बिल्ला

"आधी बिल्ला, मग बटण."

एवढे म्हणून तो माउसवरचा हात उचलायचा आणि शर्टाचा डावा खिसा चाचपायचा. खिशात पितळेचा तुकडा हाताला लागला की मगच हात खाली यायचा. मग पडद्यावर बोट ठेवून मशीनचे नाव मोठ्याने वाचायचे, आणि शेवटी बटण दाबायचे. घाई नसताना हेच, घाई असतानाही हेच. घाईच्या वेळी हे पाहत उभे राहणे किती जड जाते, ते चाकणच्या कारखान्यातून वेळेवर माल बाहेर काढण्याचे काम ज्याने केले आहे त्यालाच कळेल. मी ते काम एकवीस वर्षे केले.

त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याला ते आवडले नसते. शिवाय ते लिहिण्याचा हक्क मला उरला आहे असे मला वाटत नाही.

आमच्याकडे मोटारींचे सुटे भाग तयार होत. पूर्वी प्रत्येक खात्याचा संगणक वेगळा असे. पुढे ते सगळे दोन मोठ्या सर्व्हरमध्ये सामावले. म्हणजे लोखंडी पेट्या दोनच, पण त्यांच्या पोटात चौदा संगणक. दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, काम मात्र करतात. आम्ही त्यांना मशीनच म्हणत असू. हजेरीचे मशीन, गेटचे मशीन, स्टोअरचे मशीन, लेबलचे मशीन. ही चौदाही मशीने ब्राउझरमधल्या एका पानावरून चालत. पानावर चौदा ओळी, प्रत्येक ओळीपुढे हिरवा किंवा लाल ठिपका, आणि चालू करण्याची, बंद करण्याची, मागच्या स्थितीला नेण्याची बटणे. पूर्वी एखादा संगणक बंद करायचा तर जिना उतरून त्याच्यापाशी जावे लागे. आता बोट हलले की पुरे. तेवढ्यानेच तो अस्वस्थ होई.

त्याचे वडील पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात टूलरूमला होते. तिथला रिवाज असा, की हत्यार हवे असेल तर कामगाराने आपला पितळी बिल्ला द्यायचा. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला टांगला जाई. हत्यार परत आले की बिल्ला परत. कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांनी दापोडीच्या घरी एवढीच वस्तू आणली, सुतळीत ओवलेले जुने बिल्ले. त्यांतले चौदा त्याने आमच्या कारखान्यात आणले. प्रत्येकावर एकेका मशीनच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि सर्व्हरच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर चौदा खिळे ठोकून ते टांगले.

नियम तीन होते. ज्याला मशीनला हात लावायचा त्याने त्याचा बिल्ला खिशात घ्यायचा. खिळा रिकामा असेल तर दुसऱ्या कोणी त्या मशीनचे बटण दाबायचे नाही. आणि काम पुरे झाले की, ज्याने काम केले त्यानेच बिल्ला परत लावायचा.

मी एकदा म्हणालो, "अरे, त्या पानावर कळतंच की कोण काम करतंय. हे पितळ कशाला?"

"पान एकाच वेळी दहा जण उघडतात, साहेब," तो म्हणाला. "बिल्ला एकाच्याच खिशात मावतो."

तुम्हीही असा एखादा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. अशांच्या शिस्तीवर लोक हसतात आणि त्याच शिस्तीच्या भरवशावर घरी जाऊन झोपतात.

कंपनीने एके वर्षी संगणक खात्याला निळे टी-शर्ट दिले. त्यांना खिसा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आला तो डाव्या बाजूला खाकी कापडाचा खिसा शिवून. दापोडीच्या शिंप्याकडे निळे कापड नव्हते. आमचा लोडिंगचा मुकादम, चाकणच्या जुन्या घराण्यातला, त्याला पाहून म्हणाला, "भावा, कोटाला ठिगळ लावावं तसं दिसतंय की! त्यापरीस गळ्यात बांधा बिल्ला, बैलाच्या घुंगरावानी."

"घुंगराचा आवाज होतो, मुकादम. कामात आवाज नको."

"व्हय, म्हंजी वाजायचं काम आमीच करायचं."

मुकादमाला तो आवडत असे. मलाही आवडत असे, असे आज लिहितो. तेव्हा बोललो नाही.

तो ठेकेदाराकडून आलेला माणूस होता. सात वर्षे झाली होती. त्या महिन्यात त्याला कायम करण्याचा कागद कारखानाप्रमुखांच्या टेबलावर गेला होता. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, सुट्टी असूनही तो पांढऱ्या शर्टात सकाळी तासभर येऊन गेला, चौदाही ठिपके पाहिले, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, पुढचा पेढा कायम झाल्याचा." स्वतःबद्दल एवढे लांब वाक्य तो पुन्हा बोलला नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी ते घडले.

त्या सकाळी सहा वाजता त्याने लेबलच्या मशीनचे काम हाती घेतले. काम सुरू करण्याआधी मशीनची आहे तशी नोंद जपून ठेवली. तिला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काही बिघडले तर मशीन त्या घटकेला परत नेता येते. मात्र परत नेले की मधल्या वेळात मशीनने जे जे लक्षात ठेवले ते सारे पुसले जाते. हे मला ठाऊक नव्हते. तीन महिन्यांपूर्वी त्याला ते बटण दाबताना मी पाहिले होते, आणि दोन मिनिटांत सगळे सुरळीत झाले होते, तेवढेच मला ठाऊक होते.

दुपारी दीडला लेबले अडखळू लागली. मालाच्या प्रत्येक क्रेटवर क्रमांकाचे लेबल लागते. ग्राहकाच्या फाटकावर ते वाचले जाते. लेबल नसेल किंवा क्रमांक पूर्वी येऊन गेलेला असेल तर क्रेट आत घेत नाहीत. चार वाजेपर्यंत आमची दुसरी गाडी पोचली नाही तर त्यांची जुळणीची लाइन थांबणार होती. लेबल मिनिटाला एक पडत होते.

मी सर्व्हरच्या खोलीत शिरलो. तो पानासमोर बसला होता.

"प्रिंटर बघ. डॉकवर चल."

"येतो, साहेब. पान बंद करून—"

"पान राहू दे! आधी चल!"

मी त्याचा दंड धरून त्याला उठवले. तो धावत डॉकवर, माल गाडीत भरतात तिथे, गेला. मीही निघालो होतो, तेवढ्यात ग्राहकाचा फोन आला आणि मी तिथेच थांबलो. पलीकडचा माणूस ओरडत नव्हता. शांतपणे विचारत होता, "गाडी निघाली का? नाही? मग लाइन थांबली तर कुणाचं नाव लिहू?"

फोन ठेवला. समोर पान उघडे होते. लेबलच्या ओळीखाली सकाळी सहाची नोंद होती आणि तिच्याशेजारी ते बटण. मी मान वर केली. फळीवर तेरा बिल्ले होते. चौदावा खिळा रिकामा होता. मी तो पाहिला. पाहिलाच नाही असे म्हणण्याची सोय मला नाही.

मी बटण दाबले. पानाने खात्री विचारली. मी खात्री दिली.

तीन मिनिटांत लेबले भराभर पडू लागली. मी डॉकवर गेलो. तो प्रिंटर उघडून गुडघ्यावर बसला होता आणि आपोआप सुरळीत झालेल्या प्रिंटरकडे संशयाने पाहत होता. मी क्रेट मोजू लागलो. गाडी भरत गेली.

वीस मिनिटांनी मुकादम दोन लेबले हातात धरून आला. "साहेब, हे बगा. एकच नंबर दोन डाव. ह्यो सकाळच्या क्रेटचा, आन् ह्यो आत्ताचा."

प्रिंटरपाशी बसलेल्या त्याने उठून ती लेबले घेतली, पाहिली आणि तो सर्व्हरच्या खोलीकडे चालू लागला. मी मागोमाग गेलो. त्याने पान पाहिले.

"मशीन सकाळी सहाचं झालंय, साहेब. दिवसभराचे नंबर विसरलंय. सहाच्या नंबरापासून पुन्हा मोजतंय." मग त्याने फळीकडे पाहिले, खिसा चाचपला. "बिल्ला तर माझ्याकडेच आहे."

तो माझ्याकडे वळला नाही. एवढेच त्याने माझ्यासाठी केले, आणि ते फार होते.

"गाडी फाटकाबाहेर सोडू नका," तो मुकादमाला म्हणाला. "मशीन मागं जाण्याआधीचा शेवटचा नंबर शोधा. क्रेटवरचाच पाहिजे, अंदाज नको."

मुकादम मालाच्या राशींत शिरला. घड्याळात अडीच झाले होते. मी म्हणालो, "एखादा मोठा आकडा टाक आणि मोकळा हो!"

"तो आकडा पहिल्या गाडीत गेला असेल तर?"

"अरे, वेळ कुठे आहे?"

"आहे तेवढ्यातच करायचं, साहेब."

डॉकवरून मुकादमाची हाक आली. त्याने आकडा मोठ्याने वाचला. याने तो परत मोठ्याने म्हटला. मुकादमाने पुन्हा वाचला. मग याने माउसवरचा हात उचलला, खिसा चाचपला, पडद्यावर बोट ठेवले. "लेबल." त्याने क्रम पुढे सरकवला आणि आम्ही तिघे गाडीत चढलो. बटण दाबल्यानंतर भरलेल्या प्रत्येक क्रेटचे लेबल नखाने खरवडून काढायचे आणि नवे लावायचे. माझ्या दोन नखांतून रक्त आले. त्याने पाहिले, "साहेब, तुम्ही चिकटवा, मी काढतो," एवढेच म्हणाला.

गाडी निघाली तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. तळेगाव चौकात ती अडकली. ग्राहकाची लाइन अकरा मिनिटे थांबली.

सोमवारी चौकशी झाली. कारखानाप्रमुखांच्या खोलीत ते, तो आणि मी. त्यांनी नोंदींचा कागद पुढे सरकवला. "बटण तुझ्या नावाने दाबलं गेलंय."

"हो सर. पान माझ्या नावानं उघडं होतं. बंद न करता उठलो. ते माझं चुकलं."

"आणि बटण?"

"तेव्हा मी डॉकवर होतो."

"मग कोणी दाबलं?"

"ज्यानं दाबलं तो सांगेल, सर."

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या हातात पेन होते. मी त्याचे टोपण काढले आणि परत लावले. निवृत्तीला सात महिने उरले होते. हे कारण म्हणून देत नाही. तेव्हा डोक्यात काय होते ते सांगतो.

"म्हणजे तू नाव सांगणार नाहीस," प्रमुख म्हणाले. मग कायम करण्याचा कागद त्यांनी फायलीतून काढला आणि बाजूला ठेवला. शुक्रवार त्याचा शेवटचा दिवस ठरला.

शुक्रवारी त्याने ठेकेदाराने पाठवलेल्या नव्या माणसाला काम समजावून दिले. एकेका खिळ्यावर बोट ठेवून मशीनचे नाव मोठ्याने वाचले. तेरा नावे झाली. मग माझ्या टेबलाशी आला, खाकी खिशातून चौदावा बिल्ला काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"लेबलच्या मशीनवरचं ते काम तुम्ही केलंत, साहेब. पुरं झालं की तुम्हीच लावा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. तो नाशिक फाट्याच्या बसमध्ये बसून गेला.

तीन दिवस बिल्ला माझ्या खिशात होता. नवा माणूस रोज सकाळी दारात येऊन उभा राही. "साहेब, लेबलचं काम खोळंबलंय. त्यांनी सांगितलंय, खिळा रिकामा असेल तर हात लावायचा नाही. बिल्ला कुणाकडे आहे?"

"मिळेल," मी म्हणत असे.

चौथ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेलो. बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घडले ते सांगितले. लेखी दिले. त्यांनी ते दोनदा वाचले. "हे सोमवारी का नाही बोललात?" त्यांनी माझ्याविषयी जे ठरवायचे ते ठरवले. त्याची तक्रार नाही. पण माझ्यासमोरच त्यांनी ठेकेदाराला फोन लावून त्याला परत पाठवायला सांगितले. ठेकेदार म्हणाला, तो त्याच्याकडे राहिलेला नाही. राजगुरुनगरच्या एका दवाखान्यात लागला आहे.

निघताना मी बिल्ला टेबलावरून उचलून परत खिशात टाकला. संध्याकाळी मी त्याला फोन केला.

"जय भीम. बोला, साहेब."

मी सांगितले. कागद पुन्हा निघेल, कायम करतील, परत या. पलीकडे कोणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता.

"तिथं आता नवा माणूस बसलाय ना," तो म्हणाला. "त्याला कुठं उठवता? दंड धरून?"

तो हलकेच हसला असावा.

"बिल्ला लावलात का, साहेब?"

"नाही. खिशात आहे."

"मग लावा. तो पोरगा थांबला असेल."

मी सर्व्हरच्या खोलीत गेलो. पान उघडे होते, चौदाही ठिपके हिरवे होते. नवा माणूस उठून उभा राहिला. मी नाव मोठ्याने वाचले आणि बिल्ला खिळ्यावर टांगला. तो थोडा वेळ हलत राहिला. थांबेपर्यंत मी तिथून निघालो नाही.