चार जुलै की सात एप्रिल?

कारखान्यात तिला सगळे नोंदताई म्हणत. कृत्रिम पायाच्या गुडघ्यात बसणाऱ्या स्प्रिंगा तिथं तयार होत. तार एका पोलादाच्या गिरणीतून येई आणि तयार स्प्रिंगा तपासणीसाठी प्रयोगशाळेत जात. गिरणीचे क्रमांक वेगळे, कारखान्याचे वेगळे, प्रयोगशाळेचे तर तिसरेच. गिरणीचा कागद वाचून कारखान्याच्या वहीत उतरवायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नवरा म्हणे, "तू आकड्यांची दुभाषी!"

एक दिवस प्रयोगशाळेतली संशोधक बाई स्वतःच आली. चेहरा पार उतरलेला.

"ताई, आठ महिने डोकं फोडतेय. काही स्प्रिंगा लवकर तुटतात. का, ते कळेना."

ताईनं तिचा तक्ता पाहिला. एका ओळीवर बोट थांबलं.

"ही तार चार जुलैची?"

"हो. गिरणीच्या कागदावर ४/७ लिहिलंय."

"अहो, ते आधी महिना लिहितात! ही सात एप्रिलची. मी आमच्या वहीत उतरवताना फिरवून घेते. तुमच्याकडे त्यांचा कागद थेट जातो ना?"

बाई मटकन खुर्चीत बसली. "आठ महिने!" म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ताईनं पाण्याचा पेला पुढं सरकवला.

तीन दिवस दोघी वह्या घेऊन बसल्या. तुटलेल्या सगळ्या स्प्रिंगा एप्रिलच्या एकाच आठवड्यातल्या तारेच्या निघाल्या. त्या आठवड्यात गिरणीची भट्टी बिघडलेली होती. त्या तारेच्या उरलेल्या स्प्रिंगा लगेच परत मागवल्या. मग गिरणी, कारखाना आणि प्रयोगशाळा अशा तिघांनी मिळून एकच तक्ता ठरवला: क्रमांक एक, तारीख लिहायची रीत एक. तो थेट इकडून तिकडे जाऊ लागला.

ताईचं उतरवून घेणं संपलं. हात रिकामे झाले तशी ती कावरीबावरी झाली.

"आता मी काय करू हो?"

नवरा म्हणाला, "इतकी वर्षं काय लिहीत होतीस, ते एकदा बघून तरी ये."

ती प्रयोगशाळेत गेली. बाईनं तिला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. तुटलेल्या स्प्रिंगेची कड डोंगरकड्यासारखी दिसत होती. ताई बराच वेळ पाहत राहिली.

"ही कुणाच्या पायात होती का गं?"

"नाही ताई. इथंच तुटली, यंत्रावर."

ताईनं सुस्कारा सोडला. "मग बरं," म्हणाली, आणि पुन्हा काचेवर वाकली.