चरवीचा दस्ताना

आमच्या घरात एक पितळी चरवी आहे. पाहुणे आले की ताक त्याच चरवीतून वाढायचं, असा नियम माझ्या सुनांनी केला आहे, आणि तो मला छळण्यासाठीच केला आहे. चरवी पंगतीत निघाली की मी काहीतरी काम काढून आत जाते. पाहुणे विचारतात, आजी कुठं गेल्या? सुना पदराआड हसतात. लाजेला वय नसतं म्हणतात ते खरं आहे.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी शहागडची. वडील लहानपणीच गेले, म्हणून मामानं वाढवली. मामा गावच्या तालमीचा कर्ता माणूस, अंगानं धिप्पाड आणि बोलायला कमी. माझ्या लग्नात त्यानं एक चरवी आंदण दिली. दुधाची, पोट मोठं आणि गळा निमुळता. गळ्याशी त्याचं नाव कोरलेलं. ती त्यानं गाडीत ठेवू दिली नाही. मांडवातून वेशीपर्यंत स्वतःच्या डोक्यावर घेऊन आला. एवढा मोठा पैलवान डोक्यावर चरवी घेऊन चाललेला, तेव्हाही मला लाजच वाटली होती.

शहागडात एक रीत होती. दसऱ्याला नव्या जावयाला बोलवायचं आणि जेवणाआधी मारुतीच्या पारापुढं त्याला फरीगदगा खेळायला लावायचं. डाव्या हातात चामड्याची लहानशी ढाल, ती फरी. उजव्या हातात कातडं गुंडाळलेली काठी, तो गदगा. बाहेरच्याला वाटावं, अंगावर मारायचं असतं. आमच्या गावची पोरं अंगाला शिवायचीच नाहीत. ती नेमकी काठी धरलेल्या बोटांवर मारायची. जावयाच्या हातून गदगा पडला की दारादारांतून बाया खिदळायच्या. मीही खिदळलेली आहे. आदल्या वर्षीच्या जावयाची बोटं अशी सुजली की त्याला बैलाची वेसण धरता येईना. त्याची नक्कल करून मी साऱ्या आळीला हसवलं होतं.

पुढं माझं लग्न झालं आणि माझं हसू आटलं.

माझं सासर तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातलं. नवरा काटकुळा. तालमीची माती त्याला कपाळाला लावण्यापुरतीच माहीत. त्याची बोटं लांब आणि निमुळती होती, कापूस वेचताना बोंडाला नुसती लागली की कापूस आपोआप हाती यायचा. ती बोटं मला आवडायची. हे आता लिहिते आहे. तेव्हा कुणी सुळावर चढवलं असतं तरी बोलले नसते.

तेव्हा नव्या नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायचं नसे. पण दसरा जवळ आला तसं मला राहवेना. सासूबाई रानात गेल्या होत्या, तो गोठ्यात दोर वळत होता. मी दारात उभी राहून भिंतीकडं बघत म्हणाले, "आमच्या गावची पोरं बोटांवर मारत्यात."

तो म्हणाला, "मारू दे की."

"मोडत्यात."

मग त्यानं दोर खाली ठेवला. कापसाच्या गाड्यांबरोबर तो नव्या जालन्याला जायचा. तिथं स्टेशनाजवळच्या एका खोगीर शिवणाऱ्या जिनगराच्या दुकानात भिंतीवर लोखंडाचा जुना हात टांगलेला त्यानं पाहिला होता. लढाईत घालायचा. दुकानदार त्याला दस्ताना म्हणाला होता. "तसा घरीच करू," तो म्हणाला. लोहाराकडं गेलं तर गावभर होईल, जावई भ्याला म्हणून.

पहिला दस्ताना रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा केला. काठीचा एक तडाखा दिला, तर पत्रा आत दबला आणि त्याच्याच मनगटाला चीर पडली. मी हळद आणायला धावले. दुसऱ्या दिवशी चरवी घासायला बसले. हात गळ्यातून आत घालून चिंच चोळत होते आणि एकदम थांबले. चरवीचं पोट माझ्या मुठीवर आणि गळा माझ्या मनगटावर. दस्ताना तयारच होता की. मी तशीच, हात चरवीत ठेवून, गोठ्यात गेले.

"ही न्हाई फोडायची," तो म्हणाला. "मामांची हाय."

"माझी हाय," मी म्हणाले. नव्या सुनेला एवढा ताठा चांगला नसतो.

सासूबाई रानात असत त्या दुपारी आम्ही ते काम केलं. मी छिन्नी धरायची, त्यानं हातोडा मारायचा. चरवीचं बूड काढलं. पोटाचा खालचा अर्धा भाग काढला, म्हणजे बोटांना काठी धरता यावी आणि वरून पितळेचं छत राहावं. पितळ ताठरलं की चुलीत तापवायचं, गार झालं की लाकडी मुसळावर ठोकून गोल करायचं. धारांवर गोधडीची चिंधी शिवली. त्या दुपारी आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. खरं तर दस्ताना लवकर पुरा होऊ नये असंच मला वाटत होतं.

मामाचं नाव तेवढं राहिलं. ते नेमकं मनगटावर येत होतं. तो कानस घेऊन बसला. मी त्याचा हात धरला. मामाचं नाव आपल्या हातानं खरवडायचं माझ्यानं होईना. चरवी फोडताना काही वाटलं नाही आणि नाव पुसताना जीव कासावीस झाला. अक्कल अशी कुठं कुठं जागी होते. शेवटी नावावरून लाल फडक्याची पट्टी बांधली.

एरंडेल लावलं की त्याचा हात आत जायचा, बाहेरही यायचा. गोठ्याच्या गारव्यात आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. मी बांगड्या भरून घेणारी बाई. गार हातात चढलेली बांगडी तापलेल्या हातातून निघत नाही, हे मला कासारणीनं शिकवायला नको होतं. तेवढंच आठवलं नाही.

दसऱ्याला शहागडला गेलो. पारापुढं तो उतरला आणि त्याच्या हातातलं पितळ उन्हात चमकलं, तशी पोरं चमकली. मारलेला प्रत्येक तडाखा टणटण वाजत होता. ती पोरं बोटांखेरीज दुसरीकडं मारायला शिकलेलीच नव्हती. नवरा घामाघूम झाला, पण गदगा काही हातून सुटला नाही. मामा ओरडला, "बस, बराबर खेळले जावईबापू!" मी दाराआडून बघत होते आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग पानं मांडली. सगळी भावकी, गावातले कर्ते, ओळीनं बसले. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. आणि जावयाच्या उजव्या हातातून दस्ताना निघेना. खेळून हात फुगला होता. तो मांडीआड ओढत होता, ओठ चावत होता. डाव्या हातानं जेवणं तर कुत्रंही करणार नाही, असं मानणारं आमचं गाव. पुरणपोळ्यांवरचं तूप थिजायला लागलं.

कुणीतरी लोहाराला हाक मारली. तो पंगतीतच होता. म्हणाला, "हत्यारं पूजेला मांडलेली हायत. आज उचलत न्हाई." त्याचंही बरोबर होतं.

मग मामा उठला. तेलाची वाटी घेतली, जावयाचा हात मांडीवर घेतला आणि तेल सोडायला म्हणून लाल पट्टी सोडली. मामाला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखू यायचं. मी दाराआडून त्याचं तोंड पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"ही चरवी म्या दिल्ती," मामा म्हणाला. "डोक्यावर घेऊन आल्तो."

त्यानं तेलाची वाटी खाली ठेवली.

"पोरीच्या आंदणाची भांडी फोडून राह्यले व्हय तुम्ही, जावईबापू? आज भांडं फोडलं, उद्या तिला माराल."

नवऱ्यानं मान खाली घातली. 'तुमच्या पोरीनंच दिली' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. म्हणाला नाही. भरल्या पंगतीत माझं नाव घ्यायचं नाही म्हणून तो सगळं अंगावर घेत बसला होता.

"मंग पोर हितंच राह्यील," मामा म्हणाला. "बिलकुल पाठवत न्हाई."

मामा बोलला की बोलला. मला माहेरी ठेवून घेतली असती आणि नवरा पितळेचा हात घेऊन एकटा गाडीत बसला असता. मामीनं माझा पदर धरला होता. मी तो सोडवला आणि पुरुषांच्या पंगतीत गेले.

"मामा, चरवी म्या दिल्ती."

"फोडायला?"

"फोडायलाच. छिन्नी म्याच धरल्ती. हितली पोरं बोटांवर मारत्यात. त्यांना शिकवलं तुम्हीच." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अन् यांची बोटं..."

तिथंच मी गप्प झाले. पण पुढचं सगळ्यांना कळलं. आतून एक म्हातारी फिस्सकन हसली, मग दुसरी, मग सगळी पंगत. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. नवऱ्याची बोटं आवडतात म्हणून मामाचं भांडं फोडलं, हे मी साऱ्या गावापुढं सांगून बसले होते.

मामा मात्र हसला नाही. माझ्याकडं बघेना. "पंगत खोळंबलीय," एवढंच म्हणाला. "बस अन् घास दे त्यांना."

मी बसले. पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या तोंडात घातला. त्याचे कान लाल झाले होते. तूप त्याच्या हनुवटीवर ओघळलं, ते पुसावं की नाही, मला कळेना. नाहीच पुसलं.

सकाळी हाताची सूज उतरली होती. दस्ताना आपोआप निघाला. मामानं तो उचलून घेतला, आपल्या नावावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. गाडी जुंपून आम्हांला पाठवलं. माझ्याशी मात्र बोलला नाही.

संक्रांतीला त्यानं नवी चरवी पाठवली. गळ्याशी तसंच नाव, आणि खाली दोन शब्द जास्त. नवऱ्यानं वाचून दाखवले, 'फोडू नये.' तो पोट धरधरून हसला. मी रडले. मामा अजून रागात आहे आणि त्यानं तो राग माझ्या घरात कायमचा कोरून ठेवला आहे, असं मला वाटलं. पाहुणे ते वाचायचे, विचारायचे, घरातले सांगायचे. म्हणून मी रोज ती अक्षरं घासायला लागले. आधी चिंच, मग राख, मग वाळू. मामा ताक प्यायला आला की मी त्या दोन शब्दांवर अंगठा ठेवून वाढायची. तो काही म्हणायचा नाही.

मामा गेला तेव्हा मी शहागडला गेले. मामी सहज म्हणाली, "तुझ्या दसऱ्यापासून ह्यांनी बोटांवर मारणं बंद करवलं. कुणी मारलं तर तालमीतून काढायचे. म्हणायचे, पोरीला भांडी फोडाय लावू नका रे." आणि चरवीवरचे शब्द? तेही मामीनंच सांगितलं, ते त्यानं कासाराजवळ बसून, स्वतः हसत हसत कोरून घेतले होते.

घरी येऊन मी चरवी उजेडात धरली. मामाचं नाव अजून वाचता येतं. खालचे दोन शब्द मी इतके घासले आहेत की ते वाचायला पाहुण्यांना चरवी डोळ्यांजवळ न्यावी लागते. ते तशी नेतात, तेव्हा मी आत जाते.