दोन शिफ्टमधला चहा

सकाळी मन शांत ठेवायचे उपाय हल्ली कुणी शिकवायला लागलं की मी चिडते. आमच्याकडे तो उपाय शेजारच्या कारखान्याच्या हातात होता.

ऐंशीच्या दशकात आम्ही भिवंडीत कामतघरला राहत होतो. घराच्या मागेच पॉवरलूम होते आणि त्यांचा खडखडाट दिवसरात्र चाले. त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत. आई "जेवलीस का?" असं मायेनं विचारायची, तेही खेकसल्यासारखं वाटायचं. पुण्याची मावशी एकदा राहायला आली आणि आम्ही सारखे भांडतो असं समजून दुसऱ्याच दिवशी परत गेली.

सकाळी शिफ्ट बदलताना मात्र लूम थोडा वेळ थांबत. तोवर आईचा चहा गाळून तयार असे. आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसायचो. हळू आवाजात बोलायचं ते सगळं तेवढ्यात बोलून घ्यायचं, असा रिवाजच होता. बाबा शिक्षक, त्यांना हेडमास्तर काही बोललेले असत. मला परीक्षेची धास्ती असे. आई ऐकायची, पाठीवर हात ठेवायची. लूम सुरू झाले की कप उचलून आम्ही पुन्हा ओरडायला मोकळे.

नव्वदच्या दशकात बाबा निवृत्त झाले आणि आम्ही कल्याणला एका शांत सोसायटीत राहायला गेलो. पहिल्या सकाळी आई चहा घेऊन गॅलरीत बसली आणि कितीतरी वेळ गप्पच राहिली. बाबांनी विचारलं, "काय झालं?"

"इथे दिवसभर शांतच आहे," ती म्हणाली. "मग बोलायचं कधी?"