न पोहोचलेले मेल

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण रेवसकडची ती मिसिंगची, म्हणजे माणूस हरवल्याची, तक्रार मी विसरलेलो नाही.

सकाळची हजेरी चालू असताना एक कोळीण ठाण्यात आली. सुकी मासळी विकणारी, पन्नाशीची. सोबत नवरा, उरणच्या बंदरातून निवृत्त झालेला कारकून.

"साहेब, माजी पोर गावत न्हाय," ती म्हणाली.

मुलगी परदेशी प्रवासी जहाजावर नोकरीला होती. समुद्रात फोन लागत नाही, म्हणून ती बापाला ईमेल करायची. आईला वाचता येत नव्हतं, तो वाचून दाखवायचा. गणपतीपासून एकही मेल नव्हता.

ठाणे अंमलदार वर्णन लिहून घेत होते. बाई रडत होती, नवऱ्याने मात्र काहीच विचारलं नाही. हरवलेल्या मुलीचा बाप पोलिसांना प्रश्न विचारून हैराण करतो. मला ते खटकलं.

मुलीच्या अलिबागच्या मैत्रिणीला फोन लावला. ती गोंधळली. "हरवली? कालच तिचा मेल आलाय. घरीही लिहिते, पण उत्तर येत नाही म्हणते."

मी बापाला एकट्याला आत बोलावलं, चहा मागवला. "काका, मेल उघडून दाखवता?"

त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "मीच ब्लॉक केलंय तिला, साहेब. जहाजावरच्या परक्या मुलाशी लग्न ठरवलंय तिनं."

"बायकोला का नाही सांगितलंत?"

"राग गेला की सांगणार होतो. मग हिनं जेवण सोडलं, आणि सांगायची हिंमतच राहिली न्हाय."

ब्लॉक त्याच्याच हाताने काढायला लावला. ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात; तिथे अलीकडचे काही सापडले. बाईला आत बोलावून ते त्यालाच वाचायला सांगितले. शेवटच्यात होतं, 'बाबा, माझ्यावर रागवा, पण मी बरी आहे एवढं आईला सांगा.'

बाई नवऱ्याकडे पाठ करून माझ्याकडे वळली. मला विचारलं, "आन् त्याच्या आदीचं मेल?"

स्पॅममधले जुने मेल आपोआप पुसले जातात. हे मलाच तिला सांगावं लागलं.

'मुलगी सुखरूप' अशी नोंद करून मिसिंग निकाली काढली. बापावर कुठलंच कलम लागत नव्हतं. पुढे बाईने स्वतःचा मोबाइल घेतला, आमच्या महिला हवालदाराने तिला मेलचं खातं उघडून दिलं, आणि लेक आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागली.

नको असलेल्या माणसाला ब्लॉक करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तोच माणूस घरात दुसऱ्या कुणाला हवा असतो, हे मला त्या बाईने शिकवलं.