हवा भरायला निघालेला माणूस

ती सकाळ अजून माझ्या नाकात आहे. हो, नाकातच. घरात कुणी दूध तापत ठेवलं की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावतो आणि शेगडीची ज्योत बघून येतो. बायको विचारते, "झाली का गस्त?" झाली, म्हणतो. ही गस्त मी का घालतो ते आज सांगणार आहे. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही. माझं तर मुळीच नाही, कारण या हकिगतीतला सर्वांत मठ्ठ माणूस मीच आहे.

तेव्हा माझी नेमणूक उलव्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात होती. रविवार होता. रविवारची सकाळ म्हणजे शनिवार रात्रीचं उष्टं. दोघं डोकं फोडून घेऊन आलेले, एका सोसायटीचे चेअरमन आणि सेक्रेटरी पार्किंगवरून एकमेकांविरुद्ध अर्ज लिहीत बसलेले, आणि ठाणे अंमलदार दोघांना एकच पेन आळीपाळीने देतोय. साडेनऊच्या सुमारास फोन आला. बोलणारा तरुण रविवारी घट्ट कपडे घालून सायकली हाकणाऱ्यांपैकी होता.

"सर, चोरीची सायकल चाललीय. खाडीकडच्या रस्त्यानं. लगेच या."

"चोरीची कशावरून?"

"अहो सर, पन्नास वर्षांपूर्वीची रेसिंग सायकल आहे! हातानं बनवलेली फ्रेम. शौकीन माणूस लाखभर मोजेल. आणि एक म्हातारा फाटक्या स्लीपरमध्ये ती ढकलत नेतोय. बसत पण नाही. स्वतःची असती तर बसला नसता का?"

मला हा युक्तिवाद फार आवडला. मी मोटरसायकलवरचे दोन शिपाई पाठवले. दहा मिनिटांत त्यांनी म्हातारा आणि सायकल दोन्ही आणून उभे केले. स्टेशन डायरीत मी नोंद करायला लावली: 'संशयित इसम, वय अंदाजे पंचाहत्तर, एका जुन्या सायकलीसह मिळून आला.' या नोंदीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

सायकल बघताच माझा संशय पक्का झाला. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो चंदेरी रंग तिला वाटेल तसा फासलेला. अर्ध्या भागावरचा खरवडून काढलेला आणि त्याखालून मोरपिशी निळा डोकावतोय. चोरीचा माल रंगवून लपवतात, हे पोलीस ट्रेनिंगला न जाताही कळतं. मागच्या चाकाचा टायर जुनाट, पुढचा कोरा.

आजोबांचा सदरा एक बटण चुकवून लावलेला. पायात घरातल्या रबरी चपला. अंगझडतीत ना पाकीट, ना मोबाईल, ना चष्मा. उजव्या हाताची मूठ मात्र घट्ट मिटलेली.

"नाव काय?"

त्यांनी मूठ आणखी आवळली.

"राहता कुठं?"

"इथंच. खाली उतरलं की लगेच."

"कुठून खाली? कुठल्या सेक्टरला?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर चारी बाजूंना टॉवर. एकासारखा एक, अर्धे राहते, अर्धे बांधकामातले. आजोबा कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"मंद ठेवलंय," ते म्हणाले.

"काय मंद ठेवलंय?"

"पाच मिनिटं. ती आत आहे."

"ती कोण?"

ते उठायला लागले. शिपायाने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मी माझ्या पॅडवर लिहिलं, 'वेडाचं सोंग?' आणि प्रश्नचिन्हाला छान वळण दिलं. एवढा घाबरलेला माणूस निर्दोष असेल, हे माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं. घाबरलाय, म्हणजे काहीतरी केलंय. हे गणित मी कितीतरी नव्या उपनिरीक्षकांना शिकवलं होतं.

आमच्या महिला हवालदार त्याच भागातल्या जुन्या गावातल्या. त्यांना आम्ही ताई म्हणायचो. त्यांनी आजोबांना चहा पाजला आणि हळूच त्यांची मूठ उघडली. आत लाल नाड्याला बांधलेली किल्ली. घराच्या लॅचची. मी बघितली, "ठेवा टेबलावर" म्हणालो आणि पुढे गेलो. आजोबांनी लगेच झडप घालून ती परत मुठीत घेतली. कुठे पुढे गेलो, विचाराल तर सांगतो: सायकलीचा नंबर शोधायला.

साहेब, म्हणजे मी, स्वतः उकिडवे बसले, रुपयाच्या नाण्याने रंग खरवडला आणि पॅडल फिरतात त्या नळीच्या पोटावर ठोकलेला नंबर भिंगातून वाचून काढला. मी इतका खूश झालो की पेढे मागवायचेच बाकी होते. तेवढ्यात सानपाड्याचा मिस्तरी आला. जुन्या सायकली खोलून नव्यासारख्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आधी एका चोरीत त्याची मदत झाली होती. म्हणून किंमत ठरवायला मी त्याला बोलावून घेतलं होतं. साडेअकरा वाजून गेले होते.

"मिस्तरी, नंबर मिळालाय!"

"बरं झालं. ह्या नंबरचं रजिस्टर कुठं असतंय, साहेब?"

मी भिंग खाली ठेवलं. कारण असं रजिस्टर कुठेही नसतं.

"तुमी जुन्या सायकलीत जुनं काय ते बघताय," मिस्तरी हसत म्हणाला. "आमच्या कामात पहिलं बघायचं नवीन काय. शेवटचा हात कुणी लावला ते त्याच्यावरून समजतं."

त्याने पुढचं चाक उचललं. टायर आणि रिम यांच्या सांध्यावर अंगठा दाबला, बोट नाकाशी नेलं. हसू तिथंच थांबलं.

"गोंद ओला हाय."

"मग?"

"साहेब, हा आपला नेहमीचा टायर नाय. ट्यूबसकट शिवलेला असतो आणि रिमला गोंदानं चिकटवतात. ऐऱ्यागैऱ्याला जमत नाय. आज सकाळीच चिकटवलाय, आणि काय सफाईनं चिकटवलाय! गोंद लावला की लगेच हवा भरावी लागते, तेव्हा टायर रिमवर बसतो. पण हा बघा, चपटा. पंप बिघडला असणार. ह्याच्या वॉल्व्हचं तोंड बारीक, आपल्या पंक्चरवाल्याकडं लागत नाय. म्हणून हवा शोधत लांब गेले असतील."

"बसून का नाही गेले?"

"ओल्या गोंदावर बसून? टायर निसटून हातात येईल. ज्याला कळतं तो ढकलतच नेणार. साहेब, हे चोर नायत. हे मालक पण हायत आणि कारागीर पण." त्याने कोपऱ्यातल्या आजोबांकडे बघितलं. "हवा भरून पाच मिनिटांत वर जायचं होतं त्यांना."

पाच मिनिटं.

 ताईंचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना. "साहेब, मंद ठेवलंय म्हंजे गॅस. आनि ती आत हाय."

आणि लॅचची किल्ली इथे, या मुठीत.

मी घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती.  मी खून बघितलेत, खाडीतून काढलेली प्रेतं बघितलीत, पण त्या घड्याळासारखं भयंकर मी काही बघितलेलं नाही. त्यातले दोन तास माझे होते. मी त्या माणसाला खांदा दाबून बसवून ठेवलं होतं.

अग्निशमन दलाला फोन लावला.

"पत्ता सांगा."

"पत्ता माहीत नाही."

"मग गाडी कुठं पाठवू, साहेब?"

 आजोबांचा फोटो काढून आसपासच्या सोसायट्यांच्या वॉचमनना पाठवला. बिनतारी यंत्रावरून सगळ्या गाड्यांना कळवलं. मी आजोबांसमोर गुडघ्यावर बसलो आणि चक्क हात जोडले. "आजोबा, बिल्डिंगचं नाव आठवा. रंग आठवा. काहीही." ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की त्यांना सगळं माहीत आहे आणि काहीच सापडत नाही. त्यांचे दात वाजत होते. बाहेर टळटळीत ऊन होतं.

मिस्तरी अजून चाकापाशीच होता. "चिकट हाय ना अजून," तो स्वतःशीच पुटपुटला, "म्हंजे रस्त्यातलं काहीतरी धरलं असणार." त्याने चाक उजेडात फिरवलं. रिमच्या कडेला बाहेर आलेल्या गोंदात रेती होती, सिमेंट होतं, आणि नखाएवढं काहीतरी चमकत होतं. त्याने ते चिमट्याने उचललं. मला वाटलं, प्लास्टिक.

ताईंनी ते तळहातावर घेतलं आणि त्यांची उरलीसुरली शहरी भाषा गळून पडली. "साहेब, यो खवला हाय. जिताऱ्याचा! अजून वला हाय."

जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा. रोज मिळत नाही, मिळाला की गावभर वर्दी जाते.

"आज एकाच मावशीकडं आलाय. आईनं सकाली फोन करून सांगतलान, दोन तुकडे ठेवलेत म्हनून. नाक्यावं बसते ती!"

ताई आजोबांजवळ गेल्या. मी हुकूम देणार होतो, पण त्यांनी फक्त हात पुढे केला. "आजोबा, चला, तिला बाहेर कारू." आजोबांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

जीपमध्ये आम्ही चौघं: मी, ताई, आजोबा आणि मिस्तरी. नाक्यावर मासळीवाली मावशी पाट्यांमागे बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने जीपमधल्या आजोबांना बघितलं आणि माझ्यावरच उखडली.

"आजोबांना कला पकरलाव? काय चोर हान काय ते? सकाली सायकल घेऊन गेलं हितनं, मी हाक मारली तं बगलं पन नाय!"

"मावशी, राहतात कुठं?"

"ती काय, हिरव्या गॅलऱ्यांची बिल्डिंग. चौथा माला. बायको खाटंवं परलेली हाय बिचारी, एक अंग गेलंय. आता पन..."

पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही; जाता जाता अग्निशमन दलाला पत्ता कळवला. आजोबांना मिस्तरीपाशी खाली ठेवलं आणि लिफ्ट सोडून जिना धरला. तिसऱ्या मजल्यावरच वास आला. चौथ्यावर तो नाकातून थेट डोक्यात गेला. ताई दोन पायऱ्या पुढे होत्या. दारापाशी पोहोचल्या आणि सवयीने त्यांचं बोट बेलकडे गेलं.

मी त्यांचं मनगट इतकं जोरात धरलं की दुसऱ्या दिवशी ते निळं पडलं होतं. बेलची एक ठिणगी पुरे होती, अख्खा मजला उडाला असता. आम्ही दोघं तसेच उभे, माझा हात त्यांच्या मनगटावर, त्यांचं बोट बेलपासून इंचभर. मागोमाग धावत आलेल्या वॉचमनला खाली पिटाळून मीटरवरून त्या घरची वीज बंद करायला लावली. शेजारच्यांना कुजबुजत सांगितलं, एक बटण दाबू नका, खाली उतरा. मग किल्ली फिरवली. 

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडीवर वाळलं होतं. ज्योत विझलेली, बटण मंदवर उघडं. मी ते बंद केलं, सिलिंडर बंद केला आणि आतल्या खोलीकडे बघायचं धैर्य गोळा करायला लागलो. ताईंना ते लागलं नाही. त्या सरळ आत गेल्या.

"साहेब! या!"

आजी जिवंत होत्या. खाट गॅलरीला लागून होती, आणि गॅलरीचं दार, खिडक्या, सगळं सताड उघडं. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर थिनरचा डबा, ब्रश, गोंदाची ट्यूब, वाकलेला पंप. गॅस जमिनीलगत साचत होता आणि वाऱ्यावर थोडा थोडा निघूनही जात होता. आजी मात्र तीन तास तो वास घेत पडून होत्या. उठता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. डोळे दाराला लागलेले.

त्यांनी आधी माझा गणवेश बघितला आणि चेहरा पांढरा पडला. ताई घाईने म्हणाल्या, "आजी, आजोबा खाली हायत. एकदम बरे हायत."

जड जिभेने, एकेक शब्द ढकलत आजींनी विचारलं, "हवा... भरली का त्यांनी?"

दवाखान्यातून दोन दिवसांनी त्या घरी आल्या, तेव्हा उरलेलं कळलं. थिनरने डोकं दुखतं म्हणून त्या रोज भांडत. म्हणून सायकलीचं काम काढलं की आजोबा आधी घरातली सगळी दारं-खिडक्या उघडत. आजोबांना हल्ली रस्ते आठवत नाहीत, पण हात काहीच विसरलेले नाहीत. तरुणपणी ते या सायकलीवर शर्यतींत उतरले होते. आणि तो चंदेरी ग्रिलचा रंग? तो त्यांनीच फासला होता, वीस वर्षांपूर्वी. सायकल भिकार दिसावी आणि चोराने बघूही नये, म्हणून.

पुढचं काम मिस्तरीने हातात घेतलं. सानपाड्याहून दर रविवारी यायचा, आजोबांच्या शेजारी बसून चंदेरी रंग उतरवायचा. पूर्ण मोरपिशी झालेली ती सायकल मी बघितली आहे. फोन करणारा तरुणही एकदा येऊन, मान खाली घालून, बारीक तोंडाचा नवा पंप देऊन गेला. आजोबांच्या गळ्यात आता पत्त्याची चकती असते, आणि शेगडी कामवाली बाई असतानाच पेटते.

मी काय शिकलो? भीती ओळखायला मला येत होती, पण ती कुणासाठी आहे हे विचारायला येत नव्हतं. त्या दिवसानंतर ठाण्यात कुणालाही आणलं की माझा पहिला प्रश्न एकच असे: "घरी कोण आहे?" पाकीटमार असो नाहीतर दारुडा. हाताखालची पोरं मागे हसायची. हसू द्या.

स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही, तसा नियमच आहे. 'संशयित इसम' तिथे अजूनही संशयितच आहे. त्याच्याखाली मी माझ्या हाताने दुसरी नोंद केली: 'सदर इसम हे सदर सायकलीचे मालक असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्या पत्नी सुखरूप.' पहिल्या नोंदीसमोर वेळ आहे नऊ पन्नास, दुसरीसमोर बारा चाळीस. मधल्या वेळात मी काय केलं, त्याबद्दल तिथे एक अक्षरही नाही. बदली होऊन निघताना मी ते पान उघडून बघितलं होतं, आणि भर दुपारी, माणसांनी भरलेल्या त्या ठाण्यात, मला पुन्हा तो वास आला होता.